तळाची शाई

हिरामणला तेजल मॅडम पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होत्या, आणि त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. सत्तावीस वर्षं त्याने सायखेड्यात लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापल्या. मोबाइलवर आमंत्रणं फिरायला लागली, धंदा बसला, तेव्हा अंबडच्या एका छोट्या कंपनीत तो लागला. तिथे ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांच्या भुकटीची, काळी शाई तयार करायचं काम चालू होतं. ही शाई वीज वाहून नेते. प्लास्टिकवर रेघ छापली की तारेची गरज नाही. हिरामणच्या हातची रेघ दिवा पेटवायची. शिकल्यासवरलेल्या पोरांच्या हातची नुसती काळी दिसायची.

तिथल्या प्रमुख असलेल्या मॅडमना नेमकं हेच सलायचं. "यंत्र येतंय. तुमची पद्धत कागदावर लिहून द्या," त्यांनी फर्मावलं. लिहून दिलं की आपण घरी, हे न कळण्याइतका हिरामण दूधखुळा नव्हता. तरीही त्याने सगळं लिहिलं: छपाईची जाळी किती ताणायची, तिच्यावरून शाई ओढायचं रबर किती तिरकं धरायचं, सुकवायच्या भट्टीत किती वेळ. कामात लबाडी नाही, एवढाच त्याचा माज होता.

यंत्राने छापलं. दिवा पेटला नाही.

"काय लपवलंत?" मॅडम सगळ्यांदेखत कडाडल्या. "चोरटी जात तुमची, छपाईवाल्यांची!"

"आईशपथ मॅडम, काय बी लपवलं नाय," हिरामण म्हणाला. संतापाने त्याचे कान तापले होते.

मग मॅडमनी कॅमेरा लावून त्याच्याकडून दिवसभर छापून घेतलं आणि शेजारी उभं करून त्यालाच ते चित्रण दाखवलं. त्यांची नजर रबरावर खिळलेली. हिरामणची मात्र पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे त्याचा डावा हात प्रत्येक छपाईआधी डब्यात काडी घालून तळापासून शाई ढवळत होता. पत्रिकांच्या सोनेरी शाईची भुकटी तळाशी बसायची, तेव्हाची ही सवय. हात करत होता आणि डोक्याला पत्ताच नव्हता. ग्राफीनही तसंच खाली बसत होतं, आणि यंत्र वरवरची शाई उचलत होतं.

म्हणजे तो खरंच निर्दोष होता. सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"दिसतंय काही?" मॅडमनी मान न वळवता विचारलं. "की आजही चोरीच?"

हिरामणने कोपऱ्यातली नजर काढून रबरावर आणली.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "कायच दिसत नाय."

आता मात्र त्याने लपवलं होतं.