ताटावरून उठलेला मामा

टिंबक्टूच्या सांकोरे भागातल्या आमच्या गल्लीत अजूनही सांगतात, की माझ्या अल्बादियामामानं भर जेवणात आपल्या आतेभावावर सुरा उगारला. भट्टीवर पाव भाजणाऱ्या बायका तर सुऱ्याची मूठसुद्धा सांगतात. एकीच्या मते ती चामड्याची होती, दुसरीच्या मते चांदीची.

सुरा नव्हता. त्या दिवशी घरात सुऱ्यानं कापण्यासारखं काही असतं, तर पुढचं काही झालंच नसतं.

मामानं केलं ते एवढंच: आतेभावानं टोमणा मारला आणि मामा उत्तर न देता ताटावरून उठला. पण टिंबक्टूत हे सुरा उगारण्यापेक्षा वाईट. आते-मामे भावांनी एकमेकांना वाटेल ते बोलायचं, ही आमची रीत. गाढवचोर म्हणा, मयताच्या घरी दोनदा जेवणारा म्हणा, बोलणाऱ्याला पाप नाही. ऐकणाऱ्यानं त्याहून मोठा धोंडा परत फेकायचा. ज्याला राग आला त्याचं नाक कापलं गेलं, आणि त्याच्याबरोबर घराचंही.

मामा लोकांना शहर दाखवतो. म्हणजे दाखवायचा. थंडी सरून धुळीचा वारा सुटला, की कोरड्या दिवसांत परदेशी पाहुणे यायचे आणि मामा त्यांच्यापुढे हात पसरून चालायचा. "बायांनो आणि बुवांनो, पाय जपून! ही भिंत तुमच्या पणजोबांपेक्षा म्हातारी आहे आणि तुमच्यापेक्षा कमी कुरकुरते!" हे मी असं काही करून दाखवायचे, की मामी आतून ओरडायची, "अहो, आज लवकर आलात?"

मग उत्तरेत गडबड सुरू झाली आणि पाहुणे यायचे थांबले. मामा थांबला नाही. मामी रोज सकाळी त्याचा निळा झगा मोगरीनं ठोकून चकचकीत करायची, तो फेटा बांधायचा आणि मशिदीच्या भिंतीशी जाऊन बसायचा. दुपारी घरी येऊन पाय चोळायचा. "आज फार चाललो गं." मामी गुपचूप तेल लावायची. आमच्याकडे न चालताही चपलांत वाळू भरते, म्हणून बरं.

मामाचा आतेभाऊ देदेऊ दूर निआमे शहरात शिंपी आहे. त्याची आई आमच्याच घरातली, लग्न होऊन तिकडे गेली ती गेलीच. त्यानं हे शहर कधी पाहिलं नव्हतं. फोनवर मात्र दर आठवड्याला दोघांची जुंपायची, आणि प्रत्येक वेळी मामा म्हणायचा, "अरे काय सांगू, यंदा इतके पाहुणे, मला जेवायला वेळ नाही!" सुरुवातीला मी या वाक्याची नक्कल केली की मामी हसायची. पुढे हसेनाशी झाली, तेव्हा मीही ते वाक्य सोडून दिलं.

आणि एक दिवस देदेऊ म्हणाला, "आई गेली. तिचं गाव तरी बघून येतो."

नदी आटली होती, होड्या बंद होत्या. तो गाडीच्या टपावर सामान लादून, भुवयांपर्यंत धुळीनं माखून आला. दारातूनच ओरडला, "अरे म्हाताऱ्या उंटा, अजून जिवंत? मी तर तुझ्या मयताला आलो होतो!"

"तुझ्यासाठीच थांबलोय," मामा म्हणाला. "कफन शिवायला शिंपी नको?"

अख्खी गल्ली हसली. उत्तराच्या बाबतीत मामा कधी कच्चा नव्हता, हे लक्षात ठेवा.

दुपारी शेजारची चार माणसं बोलावून मोठ्या थाळीभोवती पंगत बसली. भात उसना होता. पाव भट्टीवरून, पैसे नंतर द्यायच्या बोलीवर आणलेला. रश्श्यासाठी मामीनं शेजारून हाडं मागून आणली होती. बाळंतिणीला हवीत असं तिनं सांगितलं होतं. आमच्या घरात बाळंतीण कोणी नव्हती.

देदेऊनं थाळीत हात घातला, इकडून तिकडे फिरवला आणि मान वर केली. "अरे अल्बादिया! या पातेल्यातून बकरा नुसता चालत गेला वाटतं! पाऊलखुणा दिसतात, बकरा काही दिसत नाही!"

एकच हशा पिकला. टोमणा झकास होता. मी तो आवाजासकट मनात ठेवून दिला. देदेऊला आणखी चेव आला. "पाहुण्यांमुळे तुला जेवायला वेळ नाही, हे ठाऊक होतं. पाहुण्यांनीही जेवायचं नाही, हे ठाऊक नव्हतं!"

सगळे मामाकडे वळले. आता तो काय फेकतो म्हणून शेजाऱ्यानं घास हातातच धरला होता.

मामाचा हात भातात होता. त्यानं देदेऊकडे पाहिलं नाही, मामीकडे पाहिलं. मामी दाराकडे बघत होती. मामाचे कान आधी लाल झाले, मग राखेसारखे. तो उठला आणि बोटांना भात चिकटलेला तसाच जिना चढून गच्चीवर गेला.

कोणी हसलं नाही, कोणी जेवलं नाही. देदेऊ एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "मी काय बोललो? हे तर रोजचंच... मी काय बोललो?"

त्याला कोण सांगणार? सांगायचं म्हणजे पातेलं सांगायचं, हाडं सांगायची, बाळंतीण सांगायची. मामी थाळी उचलू लागली. दुसरी बाजू मी धरली. थाळी हलकी होती. ती हलकी आहे हे आम्हा दोघींनाही कळलं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खाली आला तेव्हा देदेऊ उठून उभा राहिला. "दादा, तुम्ही बरे आहात ना? झोप लागली ना नीट?"

मामीनं पदर तोंडावर ओढला. आतेभावाकडून असा मान म्हणजे दोन घरांमधलं दार बंद झाल्याची खूण. मामाही म्हणाला, "कृपा आहे. आपण?" आणि पुन्हा वर गेला. मशिदीच्या भिंतीशी तो त्या दिवशी बसलाच नाही. देदेऊनं शहर दाखव म्हटलं नाही, एकटाही कुठे गेला नाही. म्हणाला, "दुकान उघडायचंय, उद्याच निघतो."

संध्याकाळी मी चहा घेऊन गच्चीवर गेले. मामा फेट्याशिवाय बसला होता. त्याचं डोकं इतकं लहान आहे, हे मला कधी माहीत नव्हतं.

मी देदेऊच्या आवाजात म्हटलं, "अरे म्हाताऱ्या उंटा!"

मामा हसला नाही.

"मामा, काहीतरी परत फेक ना. तुला येत नाही असं थोडंच आहे?"

"खोट्या टोमण्याला उत्तर असतं, हाद्दे. हा खरा होता." तो ग्लासातल्या चहाच्या फेसाकडे बघत बोलला. "काय म्हणू त्याला? बकरा होता म्हणू?"

"मग उद्या तो 'येतो हं दादा' म्हणेल, आणि तू म्हणशील 'सुखरूप जा'. आणि झालं. संपलं."

मामानं ग्लास खाली ठेवला.

"त्याआधी काही परत फेकणं? तुझ्यानं होणार नाही," मी म्हटलं. "पैज लावते."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "हरलीस तर पाऊस पडेपर्यंत कोणाची नक्कल करायची नाही."

"पाऊस पडेपर्यंत? आणि मी जिंकले तर?"

"तर कालची माझी नक्कल कर. गावभर. हात भातात, कान लाल, सगळं."

हे त्यानं थट्टेनं म्हटलं नव्हतं. मला लाज वाटली, पण पैज माझ्या तोंडून निघून गेली होती.

सकाळी मोगरीचा आवाज ऐकून जाग आली. मामी झगा ठोकत होती.

गाड्यांच्या तळावर देदेऊची पिशवी टपावर चढली होती, त्याचा एक पाय पायरीवर होता. तेवढ्यात धुळीतून निळा झगा आला.

"उतर खाली."

"दादा, तुम्ही कशाला उगाच..."

"दादा असेल तुझा बाप. उतर!" मग मामा गर्दीकडे वळला आणि त्यानं हात पसरले. "बायांनो आणि बुवांनो! किती कोरडे हंगाम मी त्या भिंतीशी बसून अल्लाकडे पाहुणा मागतोय. एकच. कसाही. आणि अल्लानं पाठवलं काय, तर हा! शिंपी! तोही फुकट जेवणारा!"

कोणी हसेना. मामा मात्र थांबला नाही. "भात उसना होता, देदेऊ. हाडं शेजारची होती. बकरा कुठून येणार? तू येतोयस कळताच तो गाव सोडून पळाला. म्हणाला, निआमेचे शिंपी कातडंसुद्धा सोडत नाहीत!"

आता सगळ्यांना सगळं कळलं होतं. ज्यांच्याकडून हाडं आणली, ती शेजारीणही तिथेच उभी होती. मामी जमिनीकडे बघत होती. देदेऊनं फेट्याचं टोक ओढून चेहरा पुसला, आणि पुसतच राहिला. मग तो गरजला, "खोटारड्या! दर आठवड्याला फोनवर थापा मारत होतास! खरं सांगितलं असतंस तर मीच बकरा घेऊन आलो असतो!"

"म्हणून तर नाही सांगितलं. तू आणि बकरा दारात उभे राहिला असतात, तर आत कोणाला घ्यायचं ते कसं ओळखलं असतं?"

सगळ्यात आधी शेजारीणच हसली. पिशवी खाली आली.

मामानं त्याला अख्खं शहर दाखवलं. मी मागून चालत होते. एका गल्लीच्या वळणावर मामा थांबला. "हा कोपरा बघून घ्या, बुवा. तुमच्या मातोश्री बाजारातून चोरलेले खजूर इथं लपून खायच्या. तेव्हापासून तुमच्या घराण्याला कष्टाचं अन्न पचत नाही."

देदेऊनं भिंतीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "एवढीशी जागा? म्हणजे आई लहानपणी बारीक होती, ते खरंच म्हणायचं!"

दुसऱ्या दिवशी त्यानं कपडे मापायच्या फितीनं बांधलेला बकरा दारात आणला. "हा बघ, आत चालत आलाय. बाहेर जाऊ देऊ नकोस." मामाची मान खाली गेली, कान पुन्हा लाल झाले. मग तो खालमानेनंच म्हणाला, "तुझे भाऊबंद कशाला आणलेस, जागा कुठंय?"

पैज मी हरले. पावसाला अजून अवकाश आहे. बांग देणाऱ्या मुअज्जिनला सर्दी झाली आहे, भट्टीवाली नवऱ्याशी नाकातून भांडते आहे, आणि मी तोंड मिटून बसले आहे. लिहायला मामानं मनाई केली नव्हती, म्हणून हे लिहिलं.

आत्ताच तो जिन्यावरून डोकावला आणि हुबेहूब माझ्या आवाजात, मानेच्या झटक्यासकट, म्हणाला, "तुझ्यानं होणार नाही. पैज लावते!"

मी उठून आभाळात कुठे ढग आहे का, ते बघून आले.