पिच्चरमधला बँडवाला

मेकअपवाल्यानं माझा हात धरला आणि हिरोइनच्या गालाला लावून पाहिला. मला विचारलं नाही. दुकानात कापड धरून बघतात तसा. मग वळून डायरेक्टरला म्हणाला, "सर, एवढी काळी नको ना? थोडी कमी ठेवतो."

डायरेक्टर म्हणाला, "कमीच ठेव. गरीब दिसली पाहिजे, पण बघावीशीही वाटली पाहिजे."

मी तिथंच उभी. हात अजून त्याच्याच हातात. हिरोइन मोबाइल बघत बसलेली.

मंद्रूपच्या अलीकडं एका शेतातल्या घरात शूटिंग चाललं होतं. गरीब घरातल्या एका पोरीला गायिका व्हायचंय, असा पिच्चर. मला बोलावलं होतं गाण्यासाठी. माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, सोलापुरात बँड आहे. लग्नाच्या वरातीत अण्णा क्लॅरनेट वाजवतात, मी बँडच्या गाडीवर उभी राहून गाते. शाळेत होते तेव्हापासून. एका वरातीत डायरेक्टरच्या माणसानं मला ऐकलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याला जे पाहिजे होतं ते तेवढ्यात कळलं. "अस्सल आहे," म्हणाला.

अस्सल. जणू तूपच.

दिवसभर त्यांनी माझ्याकडून एकच गाणं गाऊन घेतलं. आमच्या आजीचं, जात्यावरचं. अण्णांनी ते क्लॅरनेटवर बसवलं होतं आणि एकेक जागा वाजवून मला शिकवली होती. आवाज तुझाच राहील, हिरोइन नुसते ओठ हलवेल, असं डायरेक्टरनं सांगितलं. मी हो म्हणाले. दुपारी युनिटच्या मांडवात जेवायला बसले, तर एकानं उठवलं. गाववाल्यांचं तिकडं आहे, म्हणाला. मी सोलापूर शहरात वाढलेली. पण त्याच्या लेखी अंगावरूनच गाव ठरत होतं.

पिच्चर आला तेव्हा सोलापुरात खास शो ठेवला. आम्हाला बोलावणं होतं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईनं गजरा माळला. वस्तीतल्या बायकांना तिनं सांगून टाकलं होतं, आमच्या पोरीचं गाणं लागणार हाय.

दिवे गेले. पडद्यावर त्या पोरीचा बाप आला. बँडवाला. हातात क्लॅरनेट, तोंडाला दारू. पोरगी गाते म्हणून तो तिला मारतो, तिची पेटी लाथेनं फोडतो. मग येतात एक गुरुजी. गोरेपान, अंगणात तुळस. ते पोरीला घरी ठेवून घेतात, तिचं 'न' आणि 'ण' सुधारतात, तिला माणसात आणतात. थिएटर हुंदके देत होतं. टाळ्या गुरुजींना.

आणि गाणं लागलं. आवाज माझा नव्हता. कुण्या मोठ्या गायिकेचा होता. जागा मात्र सगळ्या अण्णांच्या. एकही सोडली नव्हती.

अण्णांनी आयुष्यात दारू तोंडाला लावलेली नाही. ते पडद्याकडं बघत होते. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "ह्यो बँडवाला म्हंजी मीच हाय का गं?"



पिच्चर संपल्यावर डायरेक्टर स्टेजवर गेला. आपल्या मातीतली एक मुलगी इथं आहे, तिनं दोन ओळी म्हणाव्यात, असं त्यानं जाहीर केलं. मी वर गेले. माईक माझ्या हातात देत तो म्हणाला, "घाबरू नकोस."

मी घाबरले नव्हते. मी म्हणाले, "हे गाणं मला माझ्या बापानं शिकवलं. तो बँड वाजवतो. तो तिकडं बसलाय. पेटी फोडणारा बाप तुमाला कुटं भेटला, ते आदी सांगा."

डायरेक्टर हसला. मुलगी जरा भावुक झाली, असं लोकांना सांगून त्यानं माईकसाठी हात पुढं केला. मी माईक दिला नाही. त्याच्या पायापाशी खाली ठेवला आणि उतरले. गायले नाही.

घरी जाताना अण्णा नाराज होते. मोठी माणसं हायत, कशाला बोललीस, म्हणाले. सगळ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या दारात वाजवलं, आणि वाजवून झालं की बाजूला सरकले. त्यांची भीती मला कळते. मी ती घेणार नाही.

पुढं डायरेक्टरचा माणूस वस्तीत आला. दुसरा भाग काढताहेत. ह्यावेळी बाप चांगला दाखवू, म्हणाला. जणू माझ्या बापाचा चांगुलपणा ह्यांच्या खिशात होता, आणि आता ते मेहरबानी करून बाहेर काढणार होते.

मी त्याला म्हणाले, "बाप ऱ्हाऊ द्या. त्या गुरुजीच्या घरात पोरगी पानी कुटल्या भांड्यातनं पिते, ते दाखवा. हाय का हिंमत?"

तो गाडीत बसून निघून गेला.

माझा आवाज आता कुणाच्या ओठांसाठी नाही. माझ्या बापाची गोष्ट मी सांगणार, माझ्या तोंडानं, माझ्या भाषेत, 'न' आणि 'ण' जसे येतील तसे. ज्यांना ऐकायची असेल त्यांनी समोर येऊन बसावं. आणि मी गात असेपर्यंत तोंड बंद ठेवावं.