न चाखलेला रस्सा

फेझंटकाकूंनी उभ्या आयुष्यात मांसाचा तुकडा तोंडात घातला नव्हता, आणि हॅमिल्टनच्या पंचक्रोशीत रानपाखरू त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिजवत नसे. ही दोन्ही विधानं एकाच बाईविषयी खरी कशी असू शकतात, हे शोधून काढणं हा माझा न्यूझीलंडमधल्या पहिल्या वर्षाचा मुख्य उद्योग होता. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका हुडकायचाच मला पगार मिळतो. त्यात साताऱ्याच्या मटण खाणाऱ्या घरातली. ज्या रश्शाचा थेंबही करणारीने जिभेला लावला नाही, तो दर वेळी एवढा जमतो कसा, हे कोडं मला काही केल्या सुटेना.

मी त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती. काका शहराच्या ‘ते रापा’ नावाच्या भागात एका कारखान्यात इंजिनिअर होते, काकू मिरजेहून आलेल्या फार्मासिस्ट. काकांना शिकारीचा नाद लावला तो त्यांच्या जुन्या मित्राने, रॉसने. रॅग्लनच्या वाटेवर रॉसचा मेंढ्यांचा फार्म. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडला, की तिथल्या लोकर कातरणाऱ्या कामगारांच्या जुन्या खोलीत पाच-सहा जणांचा तळ पडायचा. पहिल्या वर्षी त्या मंडळींनी फेझंट, म्हणजे तिथला लांब शेपटीचा रानकोंबडा, नुसता बेकनमध्ये गुंडाळून भाजला. काकांनी घरी येऊन सांगितलं, चपलेसारखा लागला. पुढच्या वर्षी काकू स्वतःची पातेली घेऊन निघाल्या.

"तुम्हाला चालतं?" मी एकदा धीर करून विचारलं.

"न चालायला काय झालं? हे मारतात, ते थांबत नाही. मग निदान नीट शिजायला नको? आधीच बिचारं जिवाला मुकलंय, वर चवीलाही मुकायचं?"

घरातल्या ओट्यावर मात्र हे काम होत नसे. गॅरेजमध्ये वेगळी शेगडी होती आणि वेगळी भांडी, त्यांच्या कानांना लाल दोरा बांधलेला. लाल दोऱ्याच्या पातेल्याने कधी घराचा उंबरा ओलांडला नाही. रॉस तीन दिवस थंड शेडमध्ये टांगून ठेवलेलं पाखरू आणून द्यायचा. काकू ते सोलून घ्यायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि बोटांनी मांस चाचपत एकेक छर्रा काढायच्या. औषधाच्या गोळ्या वेगळ्या कराव्यात, तितक्या शांतपणे. छाती एकीकडे, तंगड्या दुसरीकडे. "हा काय ब्रॉयलर आहे? उभा जन्म पळालाय हा," त्या म्हणायच्या. "तंगडीला दोन तास लागणार. छाती शेवटी घालायची, नाहीतर भुसा होतो."

चाखण्याचं कोडं त्यांनी फार सहज सोडवलं. त्यांच्या माहेरी कुलाचाराचा मोठा स्वयंपाक असे, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही. चाखलं की उष्टं. शंभर पानांचा स्वयंपाक त्यांची आई नाकाने आणि कानाने करायची. "आमटीला मीठ पडलं की उकळीचा आवाज बदलतो," काकू मला सांगायच्या. मी पुष्कळदा कान देऊन ऐकलं, मला कधी तो फरक कळला नाही. "तसंच हे. इथले देव जरा मिशाळ आहेत, एवढंच."

आणि देवाने नैवेद्य घेतला की नाही हे घरी कळत नसे, ती सोय तळावर होती. पहिली ताटली रॉसची. काकू डाव हातात धरून त्याच्या समोर उभ्या राहायच्या. पहिल्या घासाला रॉसची डावी भुवई वर गेली की अर्धं काम झालं. तो काय बोलतो याला किंमत नव्हती. "हा माणूस कच्च्या बटाट्यालाही स्वीट ॲज, एकदम झकास, म्हणतो," काकूंचं मत. खरा निकाल दुसऱ्या वाढीचा. रॉसने न बोलता ताटली पुढे केली, की मगच काकू आपला दहीभाताचा डबा उघडायच्या.

एका वर्षी फेब्रुवारीत काकूंना ताप आला. आठवड्याभरात बऱ्या झाल्या, कामावर गेल्या, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. मे महिन्यात, हंगाम उघडल्यानंतरच्या शुक्रवारी मी ऑफिसातून आले, तर ड्राइव्हवेपर्यंत जळकट वास. गॅरेजमध्ये काकू निवांतपणे खोबरं परतत होत्या, आणि ते काळं पडलं होतं.

"काकू, खोबरं लागलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कढईकडे पाहिलं. "लागू दे. रंग चांगला येतो."

चुका हुडकण्याचा पगार घेणारी मी त्या दिवशी गप्प बसले. अजून त्याची रुखरुख आहे. दुसऱ्या दिवशी तळावर रॉसने घास घेतला. भुवई जागची हलली नाही. "स्वीट ॲज, काकू," तो म्हणाला. काकू हेच त्यांचं नाव, असा त्याचा समज होता. सगळ्यांनी वाढलेलं मुकाट संपवलं आणि एकानेही ताटली पुढे केली नाही. काकू पातेलं घेऊन खोलीच्या मागे गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या. दहीभाताचा डबा तसाच परत आला.

परतताना गाडी मी चालवत होते, काका मागच्या सीटवर झोपले होते. काकू माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाल्या, "मला वास येत नाही गं. कशाचाच. आता मी कसली शिजवणार?"

एवढ्या हरलेल्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, मी मांस खाते, मी चाखून सांगेन.

"तू चाखलंस तर ते तुझं होईल," त्या म्हणाल्या. मग काच थोडी खाली करून त्यांनी बाहेरची हवा हुंगून पाहिली. "पण तुला नाक आहे ना?"

पुढच्या शनिवारी मी लाल दोऱ्याच्या पातेल्यावर वाकले होते आणि काकू शेजारी स्टुलावर बसून उलटतपासणी घेत होत्या.

"कसला वास येतोय?"

"चांगला."

"चांगला हा वास नसतो. कांद्याचा कच्चेपणा गेला का? खोबऱ्याने तेल सोडलं की देवघरातल्या समईजवळ येतो तसा येतो, तो आला? दगडफूल पुढे की लवंग पुढे?"

मला सर्दी झालेल्या माणसासारखं वाटायला लागलं. आजवर मी नुसतं नाक घेऊन हिंडत होते, वास असा घेतलाच नव्हता. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, "काकू, आधी ओल्या मातीसारखा होता, आता धने पुढे आलेत, आणि तळाशी काहीतरी गोडसर आहे, भाजलेल्या कांद्याचं." काकूंनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाल्या, "छाती घाल." त्या संध्याकाळी रॉसने दोनदा ताटली पुढे केली.

असे दोन हंगाम आम्ही काढले, त्यांचा हात आणि माझं नाक. मग काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि दोघं मुलीकडे पर्थला जायला निघाली. घर आवरताना काकूंनी लाल दोऱ्याची भांडी माझ्या पुढ्यात ठेवली.

"एक सांगते. ह्यांना बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी ताटल्या परत आल्या नाहीत ना, तेव्हा मी मागे जाऊन चाखलं."

किती वर्षं मी ज्याच्या मागावर होते, ते असं रद्दीच्या गठ्ठ्यांमध्ये समोर आलं. "मग? कसं लागलं?"

"गरम. तिखट. बस, एवढंच. नाकाशिवाय जीभ म्हणजे नुसती कातडी." त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "एकदाच मोडलं आणि तेही फुकट गेलं बघ."

या मे महिन्यात तळावर मी एकटीने पातेलं चढवलं. मला चाखायला कुणाची बंदी नाही, आई-वडिलांनी हाडं चोखायला शिकवलंय. तरी डाव तोंडाकडे जाईना. नाक आणि कान लावून बसले. तासाभराने उकळीचा आवाज जरा जाड झाल्यासारखा वाटला, की मीच तसं मानून घेतलं, देव जाणे. रॉसची भुवई वर गेली. मग त्याने ताटली पुढे केली.

फोनला रेंज फक्त फाटकाजवळ येते. मी एका हातात माझी ताटली आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन चिखलातून तिथवर गेले. पर्थला दुपार होती. काकूंनी वास विचारले, मी सगळे क्रमाने सांगितले. रॉसने परत घेतलं का, विचारलं. घेतलं, म्हटलं.

"तू खाल्लंस?"

"अजून नाही. तुम्हाला आधी सांगायचं होतं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग आता खा," त्या म्हणाल्या. "आणि मला सांग, कसं लागतं ते. इतकी वर्षं मी एवढ्या लोकांना वाढलं, सगळे म्हणतात छान झालंय. छान ही काय चव आहे? मला कुणी कधी नीट सांगितलंच नाही."

मला एकदम रडू आलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात उत्सुकता फक्त मलाच आहे. मी ताटली फाटकाच्या खांबावर ठेवली, तंगडीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात घातला, सावकाश चावला, आणि सांगायला लागले.