फ्रिज बंद पडलाय

कंपनीत तिला सगळे बर्फताई म्हणत. काम फोनवर फ्रिजच्या तक्रारी घ्यायचं आणि तापलेलं गिऱ्हाईक थंड करण्यात हातखंडा. समोरचा कितीही आकांडतांडव करो, ही मध्येच एक लांब "हं..." सोडायची, की स्वारी आपसूक खाली.

ते "हं" आता मशीनला शिकवून झालं होतं. आवाजही तिचाच घेतलेला. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. उरली ती एकटी, देखरेखीला. कानाला हेडफोन, समोर लाल बटण; दाबलं की मशीन बंद, फोन तिच्याकडे.

"आज बटणाला हात लावायचा नाही," मॅनेजर म्हणाला. "मालक वर बसून ऐकतायत. मशीन एकटं तरलं, तर तुमची खुर्ची पक्की."

"आणि बुडालं तर?"

"तर शिकवलंत काय, असं विचारतील. मी काय सांगू?"

तिचा पाय हलत होता. दाबून धरला, तर दुसरा हलू लागला.

दुपारी फोन आला. "बाई गं, फ्रिज बंद पडलाय."

आई! फ्रिज तर धडधाकट होता. कामावर मोबाइल बंद, म्हणून आई कंपनीच्याच नंबरवर ही तक्रार करायची. अर्थ एवढाच, की दोन शब्द बोल. लेक दोनच बोलायची. मग, "ठेव गं आई, लाइन अडतेय." मशीनचं सांगायचं राहूनच गेलेलं.

"हं... सांगा ना," मशीन म्हणालं.

"अगोबाई, सांगा? साहेब उभाय वाटतं शेजारी!"

"हं... ऐकतेय मी."

"आज घाई नाही? नशीबच उघडलं माझं." आई सुटलीच. शेजारीण, डास, पंख्याची कुरकुर. मग आवाज उतरला. "सांगणार नव्हते तुला. परवा बाथरूममध्ये पडले. हात वर होत नाही."

"हं... तुमचा त्रास समजतो. उद्या मेकॅनिक येईल."

आई खुदकन हसली. "कर, चेष्टा कर! हाताला मेकॅनिक!" मग हळूच, "पण तू येशील ना?"

"हो, नक्की. आणखी काही मदत?"

बर्फताईचं बोट बटणाकडे गेलं, मागे आलं. काचेपलीकडून मॅनेजर जोरजोरात नकाराची मान हलवत होता. तिनं बटण दाबलं.

"आई, मी बोलतेय."

"मग इतका वेळ कोण होतं?"

"मशीन होतं गं."

"ऐकत होतं मात्र छान, मेलं."

दार धाडकन उघडलं.

"कुठला हात, आई?"

"डावा. अगं, तुझा साहेब ओरडेल ना?"

"ओरडतोय," ती म्हणाली. "तू बोल."