बँडमास्तरांचा कैवारी

जगातल्या सगळ्या बँडमास्तरांवर घोर अन्याय झालेला आहे आणि त्याची दाद मागायला आपण एकटेच उरलो आहोत, असं माझ्या बायकोचे मामा मानतात. हे बँडमास्तर खरे असते तर माझी तक्रार नव्हती. ते जुन्या अमेरिकन प्रेमकथांच्या कॉमिक्समधले आहेत. पांढरा कोट, बारीक मिशी, तेल चोपडलेले केस. एखादी साधी मुलगी त्यांच्या बँडमध्ये गायला येते, भुलते, रडते आणि शेवटच्या चित्रात आपल्या गावच्या पोराच्या खांद्यावर डोकं टेकते. वाचणारे सुखावतात. मामांचा जीव मात्र तिथेच अडकतो. "सरी, बरं, गेली पोरगी," ते आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणतात, "पण शनिवारच्या कार्यक्रमात गाणार कोण?"

मामा आमच्याच शहरात, पार दुसऱ्या टोकाला यशवंतपूरला राहतात. सरकारी कारखान्यात उभा जन्म तपासनीस म्हणून काढल्यामुळे चित्रकाराने ट्रम्पेटला एक कळ जास्त काढली तरी त्यांना जेवण जात नाही. मुखपृष्ठावरची चुंबनं दिसू नयेत म्हणून मामींनी सगळ्या अंकांना गणपतीच्या कॅलेंडरची कव्हरं घातली आहेत. एकदा मेट्रोत माझ्या शेजारी बसून मामा एका सॅक्सोफोनवाल्याच्या प्रेमभंगावर डोळे पुसत होते, तेव्हा पलीकडच्या एका अक्कांनी ती पोथी समजून पुस्तकाला हात लावून नमस्कार केला. मामांनी गंभीरपणे मान लववली. धरणीने मला पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

पण खरी लाज वाटली ती आमच्या मुलीच्या साखरपुड्यात. ती नोकरी सांभाळून मित्रांच्या बँडमध्ये गाते. सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांदेखत, होणारे व्याही म्हणाले की लग्नानंतर हे बंदच होईल. आम्ही नवराबायकोंनी माना डोलावल्या. मामांनी हातातला पेढा तसाच धरून विचारलं, "मग तिच्या जागी गाणार कोण?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. वर पाहुण्यांना सांगितलंही, की मनावर घेऊ नका, मामा कॉमिक्स वाचतात. मामा कानापर्यंत लाल झाले. मुलगी तेवढी हसली नाही.

"कोणी नाही, आजोबा," ती म्हणाली. "मला सोडायचंच नाहीये. पण मला कोणी विचारलं कुठे?"

व्याह्यांशी मी नंतर बोललो, चाचरत का होईना; ती गाणार आहे. मामा मात्र तेव्हापासून आमच्याकडे आलेले नाहीत. फोन केला की म्हणतात, "स्वल्प जास्तच बोललो मी त्या दिवशी." खरं तर ते त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पण एवढं एक वाक्य त्यांना सांगायला अजून माझी जीभ रेटत नाही. मी "छे छे" म्हणतो आणि त्यांच्या बँडमास्तरांची चौकशी करतो.