उतारावर लावलेली गाडी

गायकवाडसाहेबांच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी एका जीपखाली आडवा होतो. "काका, बाबा डॉक्टरांच्या गल्लीत आहेत. गाडीत." मी म्हणालो, "बंद पडली का? उतारावरच लावली असेल ना, मग सोडा म्हणावं खाली." ती म्हणाली, "गाडी नाही, काका..." या गोष्टीला सात आठवडे झाले. गायकवाडसाहेब गेल्याची बातमी आली आणि मी आधी गाडीची चौकशी केली, हे काही डोक्यातून जात नाही. मी चौथी शिकलेला माणूस. हे माझं मी लिहिलेलं आहे. शेजारच्या मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाहिलं, वाक्यांना मी हात लावू दिला नाही.

साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. त्यांची ही गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, विलायती. कॅम्पातल्या एका बंगल्यात ती असायची आणि साहेबांचे वडील ती रोज धुवायचे. धुवायची, पुसायची, पण आत बसायचं नाही. पुढे देश खुला झाला, रस्त्यावर गुळगुळीत नव्या गाड्या आल्या, बंगलेवाल्यांना ही अडगळ वाटायला लागली. साहेबांनी ती घेतली आणि दोरीने ओढत माझ्या नाना पेठेतल्या गॅरेजला आणली. बाकीचे जुन्या गाड्यावाले येतात ते मिरवणुकीचं बोलतात. हे म्हणाले, "मिस्त्री, मला शोभेला नको. हिच्यातून मेथी आणायची आहे." मला आठ महिने लागले, पण आणली त्यांनी मेथी. दळण, गॅसचा सिलिंडर, पेन्शनची बँक, सुजाताचा क्लास, सगळं त्या गाडीतून. पुढे शहरात आयटीवाल्यांची गर्दी झाली. सिग्नलला पोरं काच खाली करून मोबाईलवर फोटो काढायची. एकाने विचारलं, "अंकल, विकणार का? कॅश देतो." साहेब म्हणाले, "अहो, मागे कोथिंबीर आहे, ती सुकायच्या आत बोला."

बटण दाबलं की इंजिन फिरवते ती मोटर, तिला आम्ही सेल्फ म्हणतो. या गाडीचा सेल्फ काही वर्षांनी जळाला. तसला दुसरा कुठे मिळेना. पुढून हँडल घालून फिरवायची सोय होती, पण साहेबांचा खांदा धरायला लागला. मग राहिला उतार. गाडी उतारावर लावायची, निघताना ब्रेक सोडायचा, घरंगळली की गिअरमध्ये टाकायची, इंजिन पकडतं. सहकारनगरला घर तळजाईच्या उतारावर, तेव्हा सकाळची काळजी नव्हती. बाकीचं पुणं साहेबांनी उतार बघून लावून घेतलं. जन्मभर पाण्याला वाट काढून दिलेला माणूस, त्यांच्या नजरेला हातभर उतारही दिसायचा. बँक बदलली, कारण जुन्या बँकेपुढे सपाटी. वाणी बदलला. चक्कीवाला महागडा होता, दळणही जाडंभरडं द्यायचा, पण त्याच्यापुढे उतार होता. डॉक्टरही तसेच निवडलेले. मी हसायचो. साहेब म्हणायचे, "हसू नका मिस्त्री, या वयात माणसाला उताराची सवय हवी."

आता जे सांगायचं ते सांगतो. नव्या गाडीचा सेल्फ तिथे बसवता येत होता. इंजिनामागे बिडाचं कवच असतं, त्याला दोन भोकं पाडायची, पट्टी लावायची, झालं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, साहेबांनाही. पण एकदा जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला साहेब मला घेऊन गेले होते. तिथे मुंबईचे एक जाणकार गृहस्थ पांढरी पँट घालून आमच्या गाडीखाली शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "कुठेच छेडछाड नाही. एक भोक जास्तीचं नाही. कोणी राखली?" साहेबांनी मला दंडाला धरून पुढे केलं. त्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला, ग्रीससकट. चाळीस वर्षं गाड्यांखाली काढली, माझा हात असा कोणी घेतला नव्हता.

त्यानंतर दोन पावसाळे गेले असतील. साहेब गॅरेजला आले, स्टुलावर बसले, म्हणाले, "मिस्त्री, पाडा ती दोन भोकं. माझं वय झालं." मी कामातून मान वर केली नाही. म्हणालो, "मग दुसरा मिस्त्री बघा." साहेब म्हणाले, "गाडीला मिळेल हो दुसरा. मला कुठून मिळायचा?" चहा पिऊन गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही. मी जिंकलो असं मला वाटलं होतं...

त्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सुजाता कंपनीत होती. तिला फोन केला असता तर ती ओरडली असती, म्हणून नसेल केला. गाडी घरापासून घरंगळत सुरू झाली आणि ते निघाले. वाटेत मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या वॉचमनने नंतर सुजाताला सांगितलं, की काळ्या जुन्या गाडीतले बाबा फाटकाशी थांबले होते, घाम आलेला होता. त्याने पार्किंग मागे आहे म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मागे उतार आहे का?" तो म्हणाला, "नाही बाबा, एकदम सपाट, आरामात लागेल." ते त्याला बरं म्हणाले आणि गाडी वळवून निघून गेले. आपल्या डॉक्टरांच्या गल्लीपर्यंत पोचले. गाडी नीट लावली होती, तोंड उताराकडे, पुढचं चाक फुटपाथला टेकवलेलं. दार मात्र उघडलं नव्हतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर पेशंट तपासत होते.

लोक म्हणतात, वेळ आली होती. म्हणोत. गाडी फाटकात सोडून माणूस आत गेला असता, असंही म्हणतात. त्यांना सवय काय असते ते ठाऊक नाही. मला आता रस्ता सपाट दिसतच नाही. मंडईला गेलो तरी पाय सांगतात, इकडे पाणी वाहील, इथे लावली असती. हॉस्पिटलच्या त्या फाटकावरून दोनदा चालत गेलो. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, वीसेक पावलं उतार आहे. वीस पावलं पुरतात. साहेबांच्या नजरेतून तो सुटला म्हणजे दुखणं किती असेल... तिथे उभा राहिलो की पाठीमागे त्या इंजिनाचा आवाज येतो. मी वळत नाही.

गेल्या सोमवारी सुजाता गाडी ओढून घेऊन आली. दोरी सोडली आणि म्हणाली, "काका, मी ही विकणार नाही. भाजीलाच नेणार. पण उतार शोधत फिरायला मला वेळ नाही. भोकं पाडा. नाहीतर मी दुसरीकडे नेते." तिने आवाज चढवला नाही. वडिलांसारखी स्टुलावर बसली मात्र नाही, उभी राहिली. मी ड्रिल लावलं. बिडाचा काळा चुरा माझ्या मनगटावर पडत होता. दोन भोकं, पट्टी, चार नट, एक वायर. मग ती आत बसली. गॅरेजपुढचा रस्ता अगदी सपाट आहे. तिने बटण दाबलं, इंजिनाने पकडलं. तिने बंद केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "काका, किती वेळ लागला याला?" तिच्यासमोरच केलं होतं, खोटं बोलायला जागा नव्हती. दहाला हात घातला होता, आणि अजून जेवायची वेळ झाली नव्हती.