पुढून आलेला आवाज

लोहगडवाडीच्या महिपतीकडे सरकारी शिक्क्याचा एक कागद होता. हा माणूस बर्फावरून फळ्यांवर घसरत जायला शिकवण्यास लायक आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. वाडीत उभ्या जन्मात कुणी बर्फ पाहिलं नव्हतं. लोक त्याला 'बरफाचा मास्तर' म्हणून हसत. महिपतीही हसे.

पलटणीत तो भरती झाला तो स्वयंपाक्याच्या हाताखाली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत काही शिपायांना बर्फावरचं शिक्षण द्यायला काश्मिरात पाठवलं, त्यांच्याबरोबर हाही भांडी घेऊन गेला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन गडाचे उतार उतरत वाढलेला गडी. त्याचा तोल बघून तिथल्या साहेबानं त्याच्याच पायाला फळ्या बांधल्या. एका हिवाळ्यात तो शिकला, दुसऱ्या हिवाळ्यात शिकवणाऱ्यांच्या वर्गात बसला. पडावं कसं, पडलेल्याला उठवावं कसं, नवख्याला कुठल्या उतारावर न्यायचं नाही, सगळं त्यानं घोकून घेतलं.

त्या वर्गात धुक्याचा एक नियम होता. मास्तरानं पुढं राहायचं, मागच्यांनी दोरी धरायची आणि थोड्या थोड्या अंतरावर आपापला आकडा ओरडायचा. पुढून कुणी हाक मारली, तर मात्र जागच्या जागी थांबायचं.

"पुढं तर मीच असणार. मग पुढून कोण हाक मारंल?" महिपतीनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं होतं.

साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाला, "म्हणूनच."

परीक्षेच्या दिवशी सहा नवखे त्याच्या मागं होते. अर्ध्या उतारावर धुकं आलं. एकापासून सहापर्यंत आकडे आले आणि मग पुढून, अगदी स्वच्छ, कुणीतरी म्हणालं, "सात."

महिपती थांबला. बऱ्याच वेळानं धुकं विरळ झालं, तेव्हा दहा पावलांवर बर्फ संपून नुसती पोकळी होती. खाली आल्यावर साहेबानं विचारलं, का थांबलास?

"सात झाले, साहेब."

साहेबानं खिशातून पेन काढलं. कागदावर सही केली.

शेहेचाळीस साली महिपती घरी आला आणि भातखाचरात उतरला. त्याच भाद्रपदात वाडीतल्या चार बाया चाऱ्यासाठी शेजारच्या विसापूर गडाच्या माथ्यावर गेल्या. दुपारी धुकं बसलं. दिवस कलायला लागला तरी बाया परतल्या नाहीत. खालून हाका मारल्या, तर धुक्यानं त्या गिळूनच टाकल्या. महिपतीनं बैलाचा नाडा खांद्यावर टाकला आणि तो एकटा वर चढला.

पडक्या भिंतीच्या आडोशाला चौघी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. सगळ्यांत थोरली विठाबाई त्याला बघून रडायलाच लागली. कस्तुराबाई तेवढी धुक्यात टक लावून बघत होती. तिची धाकटी बहीण अंबू मागच्या साली ह्याच माथ्यावरून कड्याखाली पडून मेली होती.

"मावशी, रडू नगा. नाडा धरा," महिपती म्हणाला. "मी सांगन तवा आपापला आकडा वरडायचा. नाडा सोडायचा न्हाई."

कस्तुराबाईला त्यानं आपल्या मागं पहिली घेतली. निघाले. दोन हातांपलीकडचं गवत दिसत नव्हतं. त्यानं हाक दिली की एक, दोन, तीन, चार असे आवाज येत. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी चार झाले, आणि पुढून एक कोवळा आवाज आला, "पाच."

महिपती जागीच थांबला.

"आक्का, हितं ये की," आवाज म्हणाला.

"अंबे!" कस्तुराबाईनं नाडा सोडला आणि ती त्याच्या बाजूनं पुढं झेपावली. महिपतीनं तिच्या पदराला हात घातला, मग दंडाला. ती चावली, तिनं ओरबाडलं. "सोडा मला, भाऊ! माजी अंबू हाय ती!"

"खाली बसा समद्या!" तो ओरडला. "जागच्या हलू नगा!"

आवाज आणखी दोनदा आला. दुसऱ्यांदा तर रुसल्यासारखा. मग नुसतं पाणी ठिबकत राहिलं. वाऱ्यानं धुकं फाटलं तेव्हा कस्तुराबाईच्या पुढं तीन पावलांवर कडा होता, आणि खाली, फार खाली, मळवलीची खाचरं दिसत होती.

महिपतीनं चौघींना वाडीत आणलं. लोकांनी त्या आवाजाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वारं व्हतं. धुक्यात वारं बोलतं."

विठाबाईनं आणि बाकीच्या दोघींनी लगेच मान डोलावली. कस्तुराबाईनं मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. ती समोरून आली की वाट बदलत असे. बहिणीची भेट त्यानं मोडली, असं ती नवऱ्याला सांगे.

दोन वर्षं अशी गेली. एका दुपारी महिपती ओट्यावर दोर वळत बसला होता. कस्तुराबाई आली आणि न विचारता पायरीवर टेकली.

"एकच इचारते," ती म्हणाली. "त्यो आवाज तुमालाबी आलता ना, भाऊ?"

महिपतीचे हात थांबले. घरात बायको आहे का, हे त्यानं मान वळवून पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "आलता."

कस्तुराबाईनं मोठा श्वास सोडला. "मग मी येडी न्हाई," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली.